घाऊक फसवणुकीचे दिवस गेले, आता चोर नावानिशी पत्र लिहितो

ईमेलवर येणाऱ्या नको असलेल्या पत्रांना 'स्पॅम' म्हणतात. आपल्या बाजारात त्यांना कोणी फारसे गांभीर्याने घेत नाही. लॉटरी लागली, परदेशात कोणी मयत झाला व त्याची दौलत तुमच्या नावे करावयाची आहे, अमुक गोळ्या निम्म्या दरात, असली पत्रे आली की दुकानातला मुलगा ती न वाचताच काढून टाकतो आणि विषय संपतो. ही पत्रे मूर्खांसाठी असतात व आपण मूर्ख नाही, तेव्हा आपल्याला धोका नाही, अशी व्यापाऱ्यांची समजूत झाली आहे. आमचे म्हणणे असे की, आज ही समजूतच धोक्याची आहे. मूर्खांसाठी लिहिलेली पत्रे अजूनही येतात. परंतु ज्या पत्रांनी आज पेढ्या अडचणीत येतात, ती हुशार, व्यवहारी व वेळेवर पैसे चुकविणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असतात. त्यात तुमचे नाव असते, तुमच्या पार्टीचे नाव असते, बिलाचा नंबर असतो आणि रक्कमही पैशापर्यंत बरोबर असते. फक्त बँकेचा खातेनंबर तेवढा चोराचा असतो.

हा बदल कसा घडला हे व्यापाऱ्याने व्यापाऱ्याच्या नजरेने समजून घेतले पाहिजे. कारण चोरीचाही एक धंदा असतो आणि त्यालाही नफातोटा असतो.

सुरुवात एका विक्रेत्याने केली

३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील 'डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन' या संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने, त्या काळच्या 'अर्पानेट' या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकच पत्र एकदम पाठविले. कॅलिफोर्नियात आमच्या नव्या संगणकाचे प्रात्यक्षिक आहे, पाहावयास यावे, असा त्यातला मजकूर होता. पुष्कळांनी रागाने तक्रारी केल्या. न मागता आलेले हे पहिले घाऊक जाहिरातपत्र मानले जाते. त्यात फसवणूक नव्हती, फक्त आगाऊपणा होता.

'स्पॅम' हे नाव मागाहून पडले. अमेरिकेतील होर्मेल कंपनी १९३७ पासून डबाबंद डुकराचे मांस या नावाने विकते. पुढे 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींनी १९७० साली टीव्हीवर एक प्रहसन केले. त्यात हॉटेलातला कोणताही पदार्थ मागवा, हीच वस्तू समोर येते. नको असताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या पत्रांना त्यावरून हे नाव चिकटले. आमच्या वाचकांना ही वस्तू दाराबाहेर ठेवण्यास आणखी एक कारण मिळाले, एवढेच म्हणू.

एक कोटी पत्रे, एक गिऱ्हाईक

टपालाने पत्र पाठवायचे तर तिकीट लागते, ईमेलला तिकीट लागत नाही. या एका कारणाने हा धंदा फोफावला. विकला जाणारा माल टाकाऊ असला तरी चालेल, कारण जाहिरातीचा खर्चच नाही. किती टाकाऊ, याचा हिशेब कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली मांडला. त्यांनी स्पॅम पाठविणाऱ्या एका मोठ्या टोळीच्या यंत्रणेत गुपचूप शिरकाव केला आणि औषधांच्या जाहिरातीची सुमारे ३५ कोटी पत्रे सुटताना मोजली. २६ दिवसांत गिऱ्हाइके लागली फक्त २८. म्हणजे सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक. आपल्यापैकी कोणी असा दलाल ठेवील काय? पण खर्च शून्याच्या जवळ असला की असाही धंदा चालतो.

नायजेरियातून येणारी दौलतीची पत्रे ईमेलच्या आधीपासून टपालाने व फॅक्सने येत असत. तेथील फौजदारी कायद्यातील कलम ४१९ फसवणुकीचे, म्हणून त्यांना 'चारसो उन्नीस' म्हणतात. आपल्याकडची 'चारसो बीस' तिची सख्खी बहीणच. ही पत्रे इतकी बावळट का असतात, याचे उत्तर मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली दिले. त्यांच्या मते तो बावळटपणा हिशेबाने ठेवलेला असतो. पत्र पाठविणे फुकट आहे, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार करणे फुकट नाही. शहाण्या माणसाने मधेच शंका काढली तर ती मेहनत वाया जाते. म्हणून पत्रच असे लिहायचे की शहाणा आधीच हसून बाजूला होईल आणि फक्त भोळा तेवढा उरेल. पत्र पाठविणारा मूर्ख नव्हता, तो चाळणी लावीत होता.

या घाऊक धंद्याला पुढे उतरती कळा लागली. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील 'मॅककोलो' या एका कंपनीचे इंटरनेट तोडले गेले, तेव्हा जगातले निम्म्याहून अधिक स्पॅम काही काळ थांबले. ईमेल देणाऱ्या कंपन्यांच्या चाळण्याही सुधारल्या. आपण ९९.९ टक्क्यांहून अधिक असली पत्रे अडवितो, असा गूगलचा दावा आहे. एकसारखी लाखो पत्रे सुटली की यंत्राला ती ओळखता येतात. तेव्हा चोरांतल्या हुशार मंडळींनी व्यापाऱ्यासारखाच विचार केला. घाऊकात मार्जिन उरले नाही, तर किरकोळीत उतरावे. लाख लोकांना एक पत्र पाठविण्याऐवजी एकाच माणसाला, त्याचा सगळा धंदा समजून घेऊन, एकच पत्र लिहावे. अशा पत्रात जाहिरात नसते, अनेकदा दाबायची लिंकही नसते. यंत्राने ते अडवावे तरी कशावरून?

मोठ्या माशांचा अनुभव

अशी फसवणूक फक्त अडाण्यांची होते असे कोणी समजू नये. लिथुआनियाच्या एका इसमाने गूगल व फेसबुक या दोन कंपन्यांना २०१३ ते २०१५ या काळात बारा कोटी डॉलरहून अधिक रकमेला फसविले. त्याची युक्ती साधी होती. या दोन्ही कंपन्या तैवानच्या 'क्वांटा' कंपनीकडून माल घेत. या इसमाने लॅटव्हिया देशात त्याच नावाची कंपनी नोंदविली, खोटी बिले, करारपत्रे व शिक्के तयार केले आणि हिशेबखात्याला ईमेल पाठविले. हिशेबखात्याने नाव ओळखीचे पाहून पैसे सोडले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली.

मुंबईचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये इटलीच्या 'टेक्निमाँट' कंपनीच्या भारतीय शाखेच्या प्रमुखाला, मुख्य साहेबांच्या पत्त्यासारख्याच दिसणाऱ्या पत्त्यावरून ईमेल आले. चीनमध्ये एक कंपनी गुप्तपणे विकत घ्यावयाची आहे, इटलीतून पैसे पाठविण्यात कायद्याची अडचण आहे, तेव्हा भारतातून पाठवा, असे त्यात होते. विश्वास बसावा म्हणून फोनवर बैठकाही झाल्या, त्यात बनावट वकीलही बोलला. सुमारे १३० कोटी रुपये हाँगकाँगला गेले. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये मालकाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला आणि एक कोटीहून अधिक रक्कम निरनिराळ्या खात्यांत गेली.

सर्वांत भयंकर गोष्ट २०२४ ची. 'अरूप' या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील एका कर्मचाऱ्याला लंडनच्या वित्त अधिकाऱ्याच्या नावाने ईमेल आला. त्याला शंका आली. मग त्याला व्हिडिओ बैठकीत बोलाविण्यात आले. तेथे साहेबांचे व ओळखीच्या इतर सहकाऱ्यांचे चेहरे दिसले, आवाज ऐकू आले. शंका फिटली आणि २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. ते सगळे चेहरे संगणकाने तयार केलेले होते. म्हणजे चोराने दाखविलेल्या दारातून जाऊन केलेली खात्री ही खात्रीच नव्हे. अमेरिकेच्या एफबीआयकडे व्यापारी ईमेलच्या फसवणुकीतून २०२३ या एका वर्षात नोंद झालेले नुकसान २९० कोटी डॉलरच्या घरात होते.

आपल्या बाजारात हे कसे घडते

आता हेच आपल्या मापात बघू. समजा, भिवंडीच्या एका पेढीने सुरतेच्या पार्टीकडून सूत उधारीवर घेतले. दोघांचा व्यवहार जुना, महिन्याकाठी बिल, तीस-पंचेचाळीस दिवसांची मुदत. या दोघांपैकी एकाच्या हिशेबनिसाला एक दिवस ईमेल येतो, 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, पुन्हा पासवर्ड टाका.' दिसायला पान हुबेहूब, पण बनावट. पासवर्ड चोराच्या हाती जातो.

येथे चोर लगेच काही करीत नाही, हीच त्याची नवी अक्कल. तो त्या ईमेल खात्यात अशी मांडणी करून ठेवतो की येणाऱ्या प्रत्येक पत्राची नक्कल गुपचूप त्याच्याकडे जावी. मग तो वाचत बसतो. कोणाचा माल कोणाकडे जातो, काउंट कोणता, दर काय, बिल केव्हा निघते, पैसे केव्हा सुटतात, कोण कोणाला 'भाईजान' लिहितो आणि कोण 'शेठ', हे सगळे तो शिकतो. एखादा नवा दलाल बाजारात सहा महिने फिरून जे शिकेल ते तो घरबसल्या शिकतो.

मुदतीच्या दोन दिवस आधी त्याच जुन्या पत्रव्यवहाराच्या ओघात एक उत्तर येते. 'आमच्या खात्याचे ऑडिट चालू आहे, यावेळचे पेमेंट खालील खात्यावर करावे.' सोबत बिल, तेच बोधचिन्ह, तोच जीएसटी नंबर. पत्ता पाहिला तर बरोबर वाटतो. इंग्रजी 'एम' अक्षराच्या जागी 'आर' व 'एन' ही दोन अक्षरे चिकटून बसविलेली असतात, किंवा 'डॉट कॉम' ऐवजी 'डॉट को' असते. मोबाइलच्या लहान पडद्यावर ते कोणाला दिसणार? हिशेबनीस आरटीजीएस करतो. पैसे भाड्याने घेतलेल्या कुणाच्यातरी खात्यात जातात आणि तेथून तासाभरात दहा ठिकाणी पांगतात.

मालक गावात नसण्याची वेळही चोर साधतो. शेठ उमऱ्याला गेले आहेत हे त्यांच्या फोटोंवरून साऱ्या जगाला कळलेले असते. अशा वेळी 'मी हरमशरीफमध्ये आहे, फोन घेता येत नाही, अमुक पार्टीला ताबडतोब एवढे पाठवा' असा निरोप आला तर कोणता नोकर शेठना उलट विचारील? आपल्या पेढ्यांतली अदब हीच चोराची किल्ली होते.

आणखी एक गोष्ट. पूर्वी खोटे पत्र त्याच्या भाषेवरून कळे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, आमचे इंग्रजी बाजारात कमावलेले. तरीही त्या पत्रांतल्या चुका आम्हालासुद्धा दिसत. नोव्हेंबर २०२२ पासून चॅट-जीपीटीसारखी यंत्रे लोकांच्या हाती आली आणि ही खूण पुसली गेली. आता चोराचे इंग्रजी आपल्यापेक्षा चांगले असते आणि हवे तर तो मराठीत व उर्दूतही शुद्ध लिहून घेतो. आमच्याकडे आलेल्या अशा एका पत्रात ग्रे कापडाचा पन्हा व ताक्यांची संख्यासुद्धा बरोबर होती. भाषेवरून खरेखोटे ठरविण्याचे दिवस संपले.

बुडते ते फक्त पैसे नव्हेत

पैसे गेल्यानंतर काय होते ते पाहा. सुरतेचा व्यापारी म्हणतो, माझा माल गेला, माझ्या खात्यात दमडी आली नाही. भिवंडीचा म्हणतो, तुमच्याच पत्रावरून मी पैसे भरले, ही पावती. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. तरी वीस वर्षांचा व्यवहार एका दिवसात तुटतो आणि बाजारात कुजबुज सुरू होते की, त्याने जाणूनबुजूनच केले असेल. कोणाचा ईमेल फुटला हे सिद्ध करणे लहान पेढीच्या आवाक्याबाहेरचे असते. मोठी कंपनी कोटींचा फटका सोसून उभी राहते, पण यंत्रमागवाल्याचे एका महिन्याचे सूत बुडाले की माग थांबतो आणि कामगारांची हप्त्याची मजुरी अडकते. म्हणून हा विषय आम्ही चोरीचा न मानता साखेचा मानतो.

बँकेकडूनही फार आशा धरू नये. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ग्राहकाला दिलेले संरक्षण हे त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. येथे तर पैसे पाठविण्याचा हुकूम आपणच दिलेला असतो.

हुंडी काय शिकविते

आपल्या वडिलांच्या पिढीने हुंडीचा व्यवहार पाहिला आहे. 'शाहजोग' हुंडी ज्याच्या हाती असेल त्याला पैसे मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा शाहालाच ते मिळत आणि तो शाह आहे की नाही याची चौकशी पैसे देणाऱ्याने करावयाची असे. 'नामजोग' हुंडीत तर ज्याचे नाव, त्यालाच पैसे. म्हणजे जुना व्यापारी कागदाला पैसे देत नव्हता, माणसाला देत होता.

आपल्या आरटीजीएस-एनईएफटीत बरीच वर्षे याच्या उलट होते. बँक रक्कम जमा करताना फक्त खातेनंबर पाही, नाव जुळते की नाही हे पाहत नसे. आपण बिलावरचे नाव बरोबर लिहीत होतो आणि पैसे भलत्याकडे जात होते. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने ही उणीव दूर केली. १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व संबंधित बँकांनी, पैसे पाठविण्याआधी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय विनाशुल्क द्यावी, असा आदेश काढला. ही सोय मोबाइल व इंटरनेट बँकिंगवर आहे, शाखेतही आहे. एक प्रकारे नामजोग हुंडी परत आली म्हणा. पण नाव दाखविले तरी ते वाचण्याचे काम आपलेच आहे.

काय करावे

आमच्या पेढीत जे नियम पाळले जातात व इतरांनी पाळावेत असे वाटते, ते असे:

१) खातेनंबर बदलल्याचे कोणतेही पत्र आले की पैसे थांबवावेत आणि त्या पार्टीला फोन करावा. फोन नंबर आपल्या जुन्या वहीतला घ्यावा. पत्रात दिलेला नंबर वापरू नये, कारण तो चोराचा असू शकतो. समोरच्याने लावलेला फोन किंवा व्हिडिओही खात्री समजू नये.

२) प्रत्येक पार्टीचा खातेनंबर व आयएफएससी एका वहीत हाताने लिहून ठेवावा. दर वेळी बिलावरून उतरवून न घेता वहीशी ताडून पाहावा. नव्या खात्यावर आधी एक लहान रक्कम पाठवून ती पोचल्याचे फोनवर विचारावे, मगच मोठी रक्कम सोडावी.

३) ठराविक रकमेवर दोन माणसांची संमती ठेवावी. मालकाचा निरोप असला तरी एकट्या नोकराने पैसे सोडू नयेत. मालकानेच नोकराला स्पष्ट सांगावे की, माझ्या नावाने निरोप आला तर मला उलट विचारणे ही बेअदबी नव्हे, नोकरी आहे.

४) ईमेलला पासवर्डसोबत मोबाइलवरील दुसरी खूण लावावी. महिन्यातून एकदा सेटिंगमध्ये जाऊन आपली पत्रे परस्पर दुसऱ्या कोणाकडे जात तर नाहीत ना, हे पाहावे. हे काम घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी दहा मिनिटांत करील.

५) जीएसटीच्या नावाने नोटीस आली तर घाबरून लिंक दाबू नये. त्यावरील डीआयएन किंवा संदर्भ क्रमांक सरकारी पोर्टलवर स्वतः जाऊन तपासता येतो. बँकांच्या संकेतस्थळांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' हा शेवट घेण्यास सांगितले होते. बँकेच्या नावाचे पान उघडले तर आधी तो शेवट पाहावा.

६) आपल्या बिलावर ठळक अक्षरांत छापावे, 'आमचा खातेनंबर ईमेलने कधीही बदलला जाणार नाही.' याला एका रबरी शिक्क्याचा खर्च येतो.

तरीही पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नये. त्याच क्षणी आपल्या बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर फोन करावा. ही व्यवस्था २०२१ पासून चालू आहे. तक्रार लवकर पोचली तर पुढच्या बँकेत रक्कम रोखता येते, उशीर झाला की ती पांगते. परदेशी व्यवहार असेल तर बँकेला रक्कम परत मागविण्याचा संदेश तातडीने पाठविण्यास सांगावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी व ६६ डी खाली दुसऱ्याची ओळख चोरणे व दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणे यांस तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षा चोर सापडल्यावर होते, आणि चोर बहुधा दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या मुलखात बसलेला असतो.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा व त्यावर साक्षीदार घ्यावेत, हा हुकूम सूरह बकराहच्या २८२ व्या आयतीत आहे. अविश्वासू माणसाने आणलेल्या खबरीची आधी शहानिशा करावी, हे सूरह हुजुरातच्या ६ व्या आयतीत आहे. आपण हे दोन्ही जुम्म्याला ऐकतो आणि सोमवारी मोबाइलवर आलेल्या एका ओळीवर लाखो रुपये सोडतो. पार्टीला फोन करून विचारणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखविणे, असे पुष्कळ व्यापाऱ्यांना वाटते. आमचे मत याच्या उलट आहे. तो फोन दोघांचीही अमानत राखतो. पार्टीनेही त्याचा राग न मानता आभार मानावेत आणि पुढच्या वेळी आपणही तसाच फोन करावा.